चंबळेच्या काठी, परीक्षेच्या गावी

सुरतेहून रात्री निघालेली दिल्लीकडची गाडी रतलाम आणि नागदा मागे टाकते, तेव्हा सारा डबा गाढ झोपेत असतो. भवानी मंडीपाशी मध्य प्रदेश संपून राजस्थान सुरू होतो आणि रामगंज मंडी येईपर्यंत उजाडू लागते. रुळांच्या दोन्ही बाजूंना हिरवट-राखी फरशांच्या थप्प्या दिसतात. आपल्याकडच्या शाळांच्या व्हरांड्यांत, वाड्यांच्या जिन्यांवर, स्वयंपाकघरांतून पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली असलेली कोटा फरशी ती हीच! पुढे दऱ्याच्या घाटात मुकुंदरा टेकड्यांचे रान लागते आणि ते ओलांडले की तासाभरात गाडी कोटा जंक्शनात शिरते.

२०२५ च्या मे महिन्यात अशाच एका सकाळी नंदुरबारचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन या स्थानकावर उतरले. गृहस्थ मिरचीच्या अडतीवर दिवाणजी. मुलीला दहावीला ९१ टक्के गुण मिळाले होते आणि निकाल लागून आठवडाही उलटला नव्हता. अडतीवरच्या व्यापाऱ्याचा भाचा कोट्याला राहून डॉक्टरकीला लागला होता, तेव्हा आपल्या मुलीनेही तिथेच शिकावे, असे दिवाणजींनी मनोमन ठरवून टाकले होते. मुदत ठेव मोडायची, कमी पडेल ते पतपेढीतून उचलायचे, हा हिशेबही मांडून झाला होता. मुलीच्या आईने डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. निघताना ती एवढेच म्हणाली होती, "नीट बघून या. घाई करू नका."

स्थानकाबाहेर पाऊल ठेवताच रिक्षावाल्यांनी घेरले. "हॉस्टल? पीजी? कोचिंग?" या गावात बॅग आणि सोबत पंधरा-सोळा वर्षांचे मूल घेऊन उतरणारा माणूस कशासाठी आला आहे, हे कुणाला विचारावे लागत नाही.

साडी, फरशी आणि कारखाना

कोटा हे काही आजचे गाव नव्हे. सतराव्या शतकात बुंदीपासून वेगळे होऊन ते हाडा राजपुतांचे स्वतंत्र संस्थान झाले. चंबळेच्या उजव्या तीरावरचा गढीचा वाडा, तिथल्या संग्रहालयातली शिकारीची लघुचित्रे, किशोरसागर तलावाच्या मधोमध पाण्यात उभा असलेला जगमंदिराचा लालसर महाल, हे सारे त्या काळाची साक्ष देतात. मराठी माणसाचाही या गावाशी जुना संबंध आहे. अठराव्या शतकात हे संस्थान मराठ्यांना खंडणी देत असे आणि शिंद्यांच्या वतीने इथला कारभार पाहणारे गुळगुळे घराणे कोट्यातच राहत होते. त्यांचे दप्तर इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे.

स्वातंत्र्यानंतर चंबळेवर धरणांची मालिका उभी राहिली. गांधीसागर, राणा प्रतापसागर, जवाहरसागर आणि शेवटी खुद्द गावातले कोटा बॅरेज. पाणी आले, वीज आली, पाठोपाठ कारखाने आले. जवळच रावतभाट्याला अणुवीज केंद्र झाले. कृत्रिम धागा बनवणाऱ्या जे. के. सिंथेटिक्स या कारखान्यात हजारोंना रोजगार मिळाला आणि कोट्याला राजस्थानचे कानपूर म्हणू लागले.

याच कारखान्यात विनोदकुमार बन्सल नावाचे एक अभियंता नोकरीला होते. बनारस हिंदू विद्यापीठातून शिकलेल्या या तरुण माणसाला स्नायू क्षीण होत जाण्याचा विकार जडला आणि पुढे चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी घरीच मुलांना शिकवायला आरंभ केला. त्यांचे विद्यार्थी आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण होऊ लागले, तशी गर्दी वाढत गेली. १९९१ मध्ये त्यांनी रीतसर वर्ग काढले. १९९७ मध्ये जे. के. चा कारखाना बंद पडला आणि असंख्य घरांतली चूल थंडावली, पण तोवर गावाला दुसरी वाट सापडली होती. काम गेलेल्या कित्येकांनी माडीवरच्या खोल्या परगावच्या मुलांना भाड्याने दिल्या, कुणी खानावळ काढली, कुणी वह्या-पुस्तकांचे दुकान टाकले. जिथे यंत्रांची घरघर थांबली, तिथे परीक्षेचे चक्र फिरू लागले. बन्सल २०२१ मध्ये वारले. त्यांच्यानंतरही ते चक्र थांबलेले नाही.

पाटीपाटीवर गुणवंत

तलवंडी, महावीर नगर, जवाहर नगर, राजीव गांधी नगर, नदीपलीकडे कुन्हाडी. या वस्त्यांतून फिरताना दिवाणजींची मान वरच राहिली, कारण इमारतीइमारतीवर प्रचंड फलक आणि त्यावर हसऱ्या मुलामुलींची छायाचित्रे, खाली गुणानुक्रम. "बघ बेटा," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. मुलगी बघत होती ती खालचा रस्ता. एकाच रंगाच्या पिशव्या पाठीला लावून सायकलींवरून चाललेले मुलामुलींचे थवे, झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग, कचोरीच्या गाडीवर उभ्याउभ्या सूत्रे घोकणारे दोघे जण. उडदाच्या डाळीची, हिंगाचा घमघमाट सुटलेली ही कचोरी म्हणजे कोट्याची खासियत. बापलेकींनी तिथेच न्याहारी केली.

वर्गाच्या कार्यालयात चकचकीत माहितीपत्रक मिळाले. वर्षाची फी साधारण एक ते दीड लाखाच्या घरात. राहणे, जेवण, किरकोळ खर्च धरला की आकडा अडीच लाखांच्या पुढे जातो, आणि अकरावी-बारावी मिळून वर्षे दोन. दिवाणजींनी खिशातून कागद काढून आकडे मांडले. हिशेब त्यांचा रोजचाच, तरी या बेरजेवर पेन्सिल जरा रेंगाळली.

एकेकाळी या गावात दोन लाखांहून अधिक विद्यार्थी असत. अलीकडे ही संख्या बरीच घटली आहे. घरबसल्या मोबाईलवर शिकण्याची सोय झाली, निरनिराळ्या शहरांत वर्गांच्या शाखा निघाल्या आणि काही दुःखद बातम्यांनी पालकांच्या मनात भीतीही बसली. त्यामुळे कित्येक वसतिगृहांवर 'खोली उपलब्ध' अशा पाट्या लटकताना दिसतात आणि भाडीही उतरली आहेत.

खोलीतले वर्ष

तलवंडीतल्या एका घरगुती वसतिगृहाची खोली त्यांना पसंत पडली. पलंग, टेबल, कपाट, भिंतीवर आवर्त सारणी. मालकीणबाई पन्नाशीच्या, इथल्याच. त्यांच्या यजमानांची कारखान्यातली नोकरी गेली, तेव्हापासून त्या मुली ठेवतात. शेजारच्या खोलीत झारखंडची एक मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. तिने आपला दिनक्रम सांगितला. दुपारपासून वर्ग, रात्री उजळणी, पंधरवड्याला चाचणी. "घरी आम्ही चार भावंडं एका खोलीत. इथं माझं स्वतःचं टेबल आहे. मला आवडतं," असे ती हिंदीत म्हणाली आणि ते खरेच होते. हजारो गावांतून जिथे विज्ञानाचा धड शिक्षकही मिळत नाही, तिथल्या मुलांना कोट्याने चांगले शिक्षक दिले, बरोबरीची सोबत दिली, हे विसरून चालणार नाही.

पण या नाण्याला दुसरी बाजू आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी घर सुटते. शाळेत पहिला येणारा मुलगा इथे अशाच पहिल्या आलेल्या हजारोंत एक होतो. चाचणीतले गुण घसरले की मनही घसरते, आणि फोनवर आईने "कसं चाललंय?" विचारले की तोंडातून "छान" एवढेच निघते. २०२३ या एका वर्षात इथे वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले आणि सारा देश हळहळला. त्यानंतर काही पावले उचलली गेली. पोलिसांनी विद्यार्थ्यांसाठी खास कक्ष उघडला. रात्री अकराच्या सुमारास प्रत्येक दारावर थाप मारून मुलांची विचारपूस करण्याची सवय वसतिगृहांना लावण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना वर्गात प्रवेश देऊ नये, खोट्या हमीच्या जाहिराती करू नयेत आणि मूल मध्येच परतले तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे व त्यांना चारचौघांत लाजवणे टाळावे, असे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले.

दिवाणजी आगाऊ रक्कम देण्यासाठी पाकीट काढू लागले, तेव्हा मालकीणबाईंनी मुलीकडे वळून हिंदीत विचारले, "तुला काय व्हायचंय?"

"डॉक्टर," दिवाणजींनी उत्तर दिले.

"भाईसाब, मी तिला विचारलं."

मुलीने मान खाली घातली. बाईंनी पैसे घेतले नाहीत. "खोली दोन दिवस तुमच्यासाठी ठेवते. आधी हिच्याशी बोला. मागच्या वर्षी एक पोर अशीच आली होती. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. तिच्या वडिलांचे पैसे गेले आणि तिचं वर्षही."

गणित जागांचे

डॉक्टर-इंजिनिअर होण्याची इच्छा बाळगण्यात गैर काहीच नाही. मात्र निर्णय घेण्यापूर्वी जागांचे गणित पालकांनी डोळ्यांखालून घालावे. २०२४ मध्ये 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुले बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्या अधिक आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांतल्या. म्हणजे वीस-बावीस जणांत एकाला जागा. अभियांत्रिकीकडे पाहिले तर २०२४ ची 'जेईई मेन' १४ लाखांहून अधिक जणांनी दिली. तिच्यातून अडीच लाखांना 'अ‍ॅडव्हान्स्ड' देता येते, आणि २३ आयआयटींमधल्या जागा त्या वर्षी १८ हजारांच्या आत होत्या.

ज्यांना जागा मिळत नाही, ती मुले काही कमी प्रतीची नसतात. जागाच तेवढ्या आहेत. म्हणून दुसऱ्या वाटा आधीपासून माहीत हव्यात. ज्याला शुद्ध विज्ञानाची ओढ आहे त्याला पुण्यासह सात ठिकाणी आयसर संस्था आहेत व त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून 'सीयूईटी' सुरू झाली आहे. कायद्यासाठी 'क्लॅट' आहे, डिझाइनच्या राष्ट्रीय संस्था आहेत. महाराष्ट्रात कृषी पदवी, औषधनिर्माण व अभियांत्रिकीचे प्रवेश राज्याच्या सीईटीवर होतात. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम निघाला आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनातला डिप्लोमा करून पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट तर जुनीच. शिवाय 'नीट' म्हणजे केवळ एमबीबीएस नव्हे. त्याच गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक आणि महाराष्ट्रात पशुवैद्यकाचेही प्रवेश होतात.

तयारीसाठी घरापासून हजार किलोमीटर जायलाच हवे, असेही नाही. आपल्याकडचा 'लातूर पॅटर्न' गेली कित्येक दशके नावाजलेला आहे. 'नीट' आणि 'जेईई मेन' या दोन्ही परीक्षांची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसते.

भिंतीवरचे नवस

तलवंडीत राधाकृष्णाचे एक मंदिर आहे. परीक्षेच्या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसते. पण मंदिर प्रसिद्ध आहे ते तिथल्या भिंतींमुळे. मुले आपले नवस पेनाने भिंतीवर लिहून ठेवतात. कुणाला दिल्लीचे एम्स हवे, कुणाला मुंबईची आयआयटी, कुणी फक्त आईवडील सुखी राहोत एवढेच मागितलेले. भिंत भरली की तिला चुना देतात आणि नव्या वर्षाची मुले पुन्हा लिहू लागतात. नीट पाहिले तर नव्या पांढऱ्या रंगाखाली जुनी अक्षरे पुसट दिसतात.

दिवाणजींनी हात जोडले, खिशातले पेन काढून मुलीपुढे धरले. "लिही बेटा."

"काय लिहू, पप्पा?"

"काय म्हणजे? तुझ्या मनात असेल ते."

मुलगी बराच वेळ पेन घेऊन उभी राहिली. मग टोपण लावून तिने ते परत दिले.

धरणावरची संध्याकाळ

ऊन उतरल्यावर दोघे नदीकडे गेले. राजस्थान म्हटले की वाळवंट डोळ्यांपुढे येते, पण कोट्याला बारमाही वाहणारी चंबळ लाभली आहे. २०२३ मध्ये दोन्ही काठांवर घाट, कमानी आणि कारंज्यांचा लांबलचक नदीकाठ बांधून काढला गेला. बॅरेजच्या बाजूला पाण्याचा गार वारा येत होता. दिवसभर भट्टीसारखा तापलेला दगड हळूहळू निवत होता.

कठड्याला टेकून मुलगी म्हणाली, "पप्पा, रागावणार नसाल तर सांगते. मला गुरांची डॉक्टर व्हायचंय."

दिवाणजी क्षणभर काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हशींच्या डॉक्टरकीसाठी एवढ्या लांब आलो होय आपण?"

"मी कुठं म्हटलं होतं या म्हणून?" ती एकदम बोलून गेली आणि गप्प झाली. थोड्या वेळाने तिनेच सांगितले. दोन वर्षांपूर्वी आजोळी गाय अडली होती. तालुक्याहून डॉक्टर येईस्तोवर मध्यरात्र झाली, वासरू वाचले, गाय गेली. मामा उंबऱ्यात बसून लहान मुलासारखे रडले होते. "तेव्हापासून माझं ठरलंय. नीट त्यालाही द्यावीच लागते, मी विचारून ठेवलंय शाळेतल्या बाईंना. अभ्यास मी करीन, पप्पा. पण घरून करीन. आणि पैसे तिच्या दवाखान्याला ठेवा... म्हणजे माझ्या."

शेवटच्या वाक्यावर दोघांनाही हसू आले. दिवाणजींनी चष्मा काढून पुसला. व्यापाऱ्याच्या भाच्याची गोष्ट गेले वर्षभर ते घरात सांगत होते. मुलीने ती दर वेळी मुकाट्याने ऐकली होती, आणि त्या मुकेपणालाच त्यांनी होकार समजला होता.

"बारावीपर्यंत घरी," ते शेवटी म्हणाले. "मग तुझे गुण बघू आणि पुन्हा बसून बोलू. पण आजच्यासारखं खरं बोलायचं."

जाण्यापूर्वी

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मालकीणबाईंना निरोप द्यायला गेले. बाईंनी चहा पाजला. एक खोली रिकामी राहिल्याचे वाईट वाटले असले, तरी त्यांनी तसे दाखवले नाही. मग दोघे कैथूनला गेले. कोटा डोरिया साड्या विणणारे हे गाव शहरापासून जवळच आहे. घराघरांत जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेले माग, त्यावर बहुतेक बाया बसलेल्या. सूत आणि रेशीम एकत्र विणून बारीक चौकटी तयार होतात. त्यांना 'खत' म्हणतात. धाग्याला कांद्याचा रस आणि तांदळाची खळ लावतात, त्यामुळे तो मजबूत होतो. २००५ मध्ये या वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळाले. मागावरच्या बाईने साडी उलगडून दाखवली तेव्हा मुलीने पलीकडून आपला हात आरपार पाहिला. दिवाणजींनी फिक्या आंबा रंगाची एक साडी घेतली. गेल्या कित्येक वर्षांत बायकोसाठी त्यांनी स्वतः निवडलेली ही पहिलीच.

कोट्याला मूल पाठवावे की न पाठवावे, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. झारखंडच्या त्या मुलीला हे गाव म्हणजे उघडलेले दार आहे. दुसऱ्या कुणाला तेच कोंडल्यासारखे वाटेल. पालकांनी निदान काही गोष्टी कराव्यात. मुलाला सोबत नेऊन दोन दिवस तिथे राहावे, फलकांवरची छायाचित्रे न पाहता खोल्यांतल्या मुलांशी बोलावे. फी परतीचे नियम लेखी घ्यावेत आणि सगळी रक्कम एकदम भरू नये. मनासारखे झाले नाही तर पुढची वाट कोणती, हे निघण्यापूर्वीच घरात बसून ठरवावे. परत येण्यात कमीपणा नाही, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे. मूल दूर असेल तर फोनवर आधी जेवण-झोप विचारावी, गुण नंतर. मन फारच खचल्यासारखे वाटले तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे.

आणि कोट्याला जाणे झालेच, तर केवळ वर्गांच्या पायऱ्या चढून परतू नये. मुंबई-दिल्ली मार्गावरच्या बहुतेक महत्त्वाच्या गाड्या इथे थांबतात. हिवाळा फिरायला उत्तम. जगमंदिराची तलावातली छाया, गढीतली चित्रे, कैथूनचे माग आणि संध्याकाळची चंबळ पाहायला दोन दिवस पुरतात.

परतीच्या गाडीत रामगंज मंडी मागे पडली तेव्हा मुलगी खिडकीशी बसून बिनकामाच्या फरशांचे ढीग पाहत होती. दिवाणजींनी हिशेबाचा कागद पुन्हा काढला, कालचे आकडे खोडले आणि कोऱ्या बाजूला वर लिहिले : पशुवैद्यकीय महाविद्यालये. मग पेन्सिल लेकीच्या हातात देऊन म्हणाले, "सांग आता, कुठंकुठं आहेत ती?"